होडीत घरची वायर नको, गाडीचीही नको

बारा व्होल्टच्या बॅटरीच्या दोन्ही टोकांवर कोरडे हात ठेवले तर काहीच जाणवत नाही. त्याच दोन टोकांवर हातातला पान्हा निसटून आडवा पडला तर ठिणग्यांचा फवारा उडतो, पान्हा तापून लाल होऊ शकतो आणि बॅटरीभोवती हायड्रोजन साचलेला असेल तर स्फोटही होतो. कोरड्या कातडीचा रोध मोठा असतो, बारा व्होल्टचा दाब त्यापुढे तोकडा पडतो. पान्ह्याला रोध जवळपास नसतोच. अशा वेळी इंजिन सुरू करणारी साधी बॅटरीसुद्धा काही क्षण हजार अँपिअरच्या घरातला प्रवाह सोडू शकते. होडीवरच्या विजेला शॉक नाही म्हणून धोका नाही, ही समजूत इथेच फसते.

२८ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे अलिबागजवळ अक्षीच्या समुद्रात एका मासेमारी नौकेने पेट घेतला. तिच्यावरचे १८ जण सुखरूप सुटले, नौका मात्र बरीचशी जळाली. कारणाचा पहिला अंदाज म्हणून बातम्यांमध्ये आले ते शॉर्टसर्किट. अशा बातम्यांत सहसा त्यापुढे काही नसते. वायर कोणती होती, जोड कुठे होता, फ्यूज होता की नव्हता, हे प्रश्न आगीबरोबर विझतात. अमेरिकेत बोटींचा विमा उतरवणाऱ्या ‘बोट-यूएस’ने आपल्याकडे आलेल्या आगीच्या दाव्यांचा हिशेब मांडला, तेव्हा निम्म्याहून अधिक आगींचे मूळ विजेच्या तारांत आणि उपकरणांत निघाले. त्यातही मोठा वाटा बॅटरीवर चालणाऱ्या डीसी बाजूचा होता.

कोकणातल्या ट्रॉलरवर पूर्वी विजेचे काम ते किती? इंजिनाचा स्टार्टर, केबिनमधला दिवा, डोलकाठीवरचा दिवा. आता त्याच केबिनमध्ये व्हीएचएफ, जीपीएस, मासे शोधणारा फिश फाइंडर, मोबाइलचे चार्जर, एलईडीचे झोत आणि इन्व्हर्टर दाटीवाटीने बसतात. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये मासेमारी नौकांसाठी ट्रान्सपाँडरची देशव्यापी योजना सुरू झाली. किनारी राज्यांतल्या एक लाख नौकांवर ही यंत्रे बसवायची आहेत. वादळाचा इशारा आणि संकटाची हाक या यंत्रावरून जाते, म्हणजे त्याच्या मागची वायर निकामी होऊन चालणार नाही. उपकरण येते तेव्हा त्याच्यासाठी नवी वायर ओढली जातेच असे नाही. बऱ्याचदा शेजारच्या दिव्याच्या वायरला चिरा देऊन फाटा काढला जातो.

होडीवर वायरिंग करायला साधारणपणे दोनांपैकी एक कारागीर येतो. एक घरांची कामे करणारा वायरमन, दुसरा गाड्यांचा ऑटो इलेक्ट्रिशियन. दोघेही आपापल्या जागी तरबेज असतात. पण घर हलत नाही, आणि गाडी खाऱ्या पाण्यात उभी राहत नाही. होडी दोन्ही करते. त्यामुळे एकाची वायर आणि दुसऱ्याची पद्धत, दोन्ही तिथे दगा देतात.

आधी जाडीचा प्रश्न घेऊ, कारण सर्वांत जास्त चुका तिथे होतात. घरातला १०० वॉटचा दिवा २३० व्होल्टवर अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह ओढतो. तितक्याच वॉटचे उपकरण १२ व्होल्टवर चालवायचे तर ८.३ अँपिअर लागतात, म्हणजे जवळपास १९ पट. वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा तीच वायर, तेच वॉट, पण उष्णता साडेतीनशे पटींहून जास्त. दुकानात जाऊन ‘दीडची वायर द्या’ म्हणायची घरची सवय होडीवर म्हणूनच चालत नाही.

मात्र होडीवर वायरची जाडी बहुतेक वेळा उष्णतेवरून ठरत नाही. ती ठरते वाटेत किती व्होल्ट गळतात यावरून. समजा तळाशी साचलेले पाणी उपसणारा पंप ८ अँपिअर ओढतो आणि तो बॅटरीपासून ७ मीटर लांब आहे. वायर जाऊन परत येते, म्हणून हिशेबाला १४ मीटर धरायचे. हे परतीचे अंतर विसरणे हा सगळ्यात सार्वत्रिक घोटाळा आहे. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत या अंतरावर १.३ व्होल्ट पडतात, म्हणजे जवळजवळ ११ टक्के. वायर हाताला गरमही लागणार नाही, पंप फिरेल, पण मंद फिरेल. चारची वायर घातली तर तूट अर्ध्या व्होल्टवर येते. सहाची घातली तर ०.३३ व्होल्ट, तीन टक्क्यांच्या आत.

हा तीन टक्क्यांचा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल, म्हणजे एबीवायसी, ही १९५४ पासून छोट्या नौकांसाठी मानके लिहिणारी संस्था. तिची ‘ई-११’ ही विद्युत संहिता जगभरचे बोटबांधणारे उशाशी ठेवतात. तिच्यात दोन पायऱ्या आहेत. जलमार्ग-दिवे, इलेक्ट्रॉनिक उपकरणे, इंजिन खोलीतली वाफ बाहेर काढणारा पंखा आणि मुख्य पॅनलची वायर यांच्यावर तीन टक्क्यांपेक्षा जास्त तूट चालत नाही. केबिनमधला पंखा, वाचायचा दिवा अशांना दहा टक्क्यांची सवलत आहे. पाणी उपसणाऱ्या पंपाला ही सवलत देणे म्हणजे शुद्ध कंजूषपणा. ज्या रात्री तो पंप खरोखर लागतो, त्या रात्री बॅटरीही उतरलेली असते.

दिव्यांचे गणित आणखी कडक आहे. जुन्या पद्धतीच्या तारेच्या बल्बला दहा टक्के व्होल्ट कमी मिळाले तर उजेड दहा टक्क्यांनी नव्हे, सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. १२ ते २० मीटर लांबीच्या नौकेचे लाल-हिरवे बाजूदिवे दोन सागरी मैलांवरून दिसले पाहिजेत, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. दिवा नियमाप्रमाणे विकत घेतला आणि वायर बारीक घातली, तर तो नियम होडीच्या आतच मोडला जातो. एलईडी दिवे या बाबतीत बरेच सोशिक आहेत, प्रवाहही कमी ओढतात.

इथे एक शहाणपणाचा मार्ग आहे तो २४ व्होल्टचा. तितक्याच वॉटचा पंप २४ व्होल्टवर चार अँपिअर घेतो. दीडच्याच वायरीत आता तूट ०.६५ व्होल्ट, म्हणजे २.७ टक्के. व्होल्ट दुप्पट केले की तुटीची टक्केवारी चौथ्या हिश्श्यावर येते. नवी नौका बांधताना हा निर्णय घेता येतो. जुनी बदलायची तर प्रत्येक उपकरण तपासावे लागते, आणि तो खटाटोप सहसा परवडत नाही.

जाडी ठरली. आता धातू.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते तुषारांबरोबर उडतात आणि सगळीकडे बसतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढून पातळ होते. कोकणपट्टीत ही पातळी ओलांडायला पावसाळाच लागतो असे नाही. म्हणजे पाण्याचा थेंबही न पडता वायरच्या उघड्या टोकावर खाऱ्या द्रावणाचा पातळ थर बसलेला असतो. तो आवरणाच्या आत तांब्याच्या बारीक तारांमधल्या फटींतून पुढे सरकतो. वरून वायर नवीकोरी दिसते. टोकापासून बरीच आत सोलून पाहिली तर तांबे काळे-हिरवे पडलेले निघते. काळवंडलेल्या तारेवर थिंबल, म्हणजे टोकाला चढवायची धातूची टोपी, दाबून उपयोग नसतो, कारण मधला थर विजेला अडवतो. मागे सरकत सरकत चकचकीत तांबे लागेपर्यंत वायर कापत जावी लागते, आणि अनेकदा तोवर लांबीच पुरत नाही.

यावरचा उपाय महाराष्ट्रातल्या जुन्या स्वयंपाकघरांना अनोळखी नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकू नये म्हणून आत कल्हई लावतात. नौकेच्या चांगल्या वायरीत प्रत्येक बारीक तारेला तशीच कथिलाची कल्हई असते. सोललेले टोक तांबूस न दिसता चंदेरी दिसते. गंमत म्हणजे तारेला कथिल लावायची पद्धत रूढ होण्यामागे समुद्र एकटा नव्हता. वायरवर रबराचे आवरण असायचे त्या काळात रबर टणक करायला घातलेले गंधक तांब्याला खाई, आणि त्या गंधकापासून तांबे वाचवायला मध्ये कथिल लागे. पीव्हीसी आल्यावर घरच्या वायरीतून ते हद्दपार झाले. समुद्रावर त्याची गरज कायम राहिली.

चंदेरी टोक पाहून लगेच भुलायचे मात्र नाही. अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ पापुद्रा चढवलेली स्वस्त वायरही बाजारात मिळते, विशेषतः स्पीकर आणि अॅम्प्लिफायरच्या सामानात. तिची वहनक्षमता तांब्याच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडी कमी असते आणि खाऱ्या हवेत तिचे अॅल्युमिनियम झपाट्याने झिजते. ओळखायची सोपी खूण आहे. एका तारेवर ब्लेड घासायचे. आत पांढरे निघाले आणि वायर हाताला हलकी लागली, तर ती होडीवर चढवायची नाही. कथिलाच्या खाली आतपर्यंत तांबूस रंग दिसलाच पाहिजे.

तारांची संख्याही महत्त्वाची आहे. मिनिटाला १८०० फेरे घेणारे डिझेल इंजिन सेकंदाला ३० वेळा फिरते आणि त्याची थरथर संपूर्ण सांगाड्यात भरते. एकाच जाड तारेची वायर या हादऱ्यांनी वाकत-वाकत कडक होते आणि मग तुटते. तीही बहुधा आवरणाच्या आत, दिसणार नाही अशा जागी. म्हणून एबीवायसी आणि आयएसओ दोन्ही मानके नौकेवर एकेरी तारेची वायर घालू देत नाहीत. पुष्कळ बारीक तारांची लवचीक वायर हवी. दुसऱ्या टोकाची चूकही होते. बॅटरीच्या जाड केबलसाठी वेल्डिंगची केबल वापरण्याचा मोह जगभर आहे, कारण ती स्वस्त, मऊ आणि केसांसारख्या बारीक तारांची असते. पण कल्हई नसलेली इतकी बारीक तार म्हणजे गंजायला अफाट पृष्ठभाग. शिवाय तिचे आवरण तेल आणि ओल सोसेलच असे नाही.

मग लहान बंदरावरच्या मालकाने वायर आणायची कुठून? खास नौकांसाठीची, ‘यूएल १४२६’ मानकाची केबल परदेशात दुकानात सहज मिळते. इथे ती मागवावी लागते आणि महाग पडते. तिच्या आवरणावर ‘बीसी-५-डब्ल्यू-२’ अशी खूण असते. ५ म्हणजे कोरड्यात १०५ अंश सेल्सिअसपर्यंत आणि डब्ल्यू-२ म्हणजे ओल्यात ७५ अंशांपर्यंत ती टिकते. गेल्या काही वर्षांत एक जवळचा पर्याय तालुक्याच्या गावापर्यंत पोचला आहे. तो म्हणजे छतावरच्या सौर पॅनलची डीसी केबल. ‘ईएन ५०६१८’ या युरोपीय मानकाच्या सौर केबलमध्ये कल्हई केलेले, बारीक तारांचे तांबेच असते, आणि तिचे दुहेरी आवरण ऊन, पाऊस व ९० अंशांचे तापमान सोसते. ४ आणि ६ चौरस मिलिमीटर हे तिचे सर्वांत खपाचे आकार नौकेलाही नेमके लागतात. ती खास नौकेची नव्हे, आणि डिझेलमध्ये भिजत राहणाऱ्या जागी तिच्यावर भरवसा ठेवू नये. तरी केबिन आणि डेकवरच्या कामाला ती घरच्या साध्या वायरपेक्षा कितीतरी सरस आहे.

इंजिन खोलीचा नियम वेगळा. तिथली हवाच तापलेली असते, त्यामुळे वायरला स्वतःची उष्णता बाहेर टाकायला वाव कमी मिळतो. एबीवायसीच्या तक्त्यात १०५ अंशांच्या वायरची क्षमता इंजिन खोलीत १५ टक्क्यांनी कमी धरली आहे. बाहेर ३५ अँपिअर वाहणारी वायर आत तिसाच्या आतच ठेवायची. घरची साधी पीव्हीसी वायर मुळात ७० अंशांची. एक्झॉस्टच्या पाइपाशेजारून ती नेली तर आवरण मऊ पडून तांबे उघडे होते, आणि खाली बहुधा तेलकट पाणी असते.

आता जोड. वायर कितीही उत्तम असली तरी आग बहुतेक वेळा जोडापाशी सुरू होते. हिशेब पाहा. गंजलेल्या जोडाचा रोध फक्त ०.१ ओहम झाला आणि त्यातून २० अँपिअर गेले, तर त्या एका ठिकाणी ४० वॉट उष्णता तयार होते. टीव्ही दुरुस्तीवाल्याचे सोल्डरिंग आयर्न २५ वॉटमध्ये शिसे-कथिल वितळवते. फ्यूजला याचा पत्ताही लागत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. उलट थोडा घटलेला असतो. दोन टोकांना पीळ द्यायचा आणि वर काळी टेप गुंडाळायची, हा घरात आणि गाडीत चालून जाणारा जोड होडीवर असा चुलीसारखा तापतो. खाऱ्या दमटपणात टेपचा गोंद सुटतो, आत पाणी शिरते आणि तिथेच राहते.

सोल्डर केलेला जोड तरी चांगला ना, असे कोणीही विचारील. सोल्डरने विजेचा मार्ग पक्का होतो हे खरे. पण वितळलेला धातू तारांमध्ये झिरपून जिथे थांबतो तिथे लवचीक वायर अचानक ताठ होते. इंजिनाच्या थरथरीने वायर नेमकी त्या रेषेवर तुटते. म्हणून जोडाचा भार एकट्या सोल्डरवर टाकायचा नाही, असे संहिता बजावते. मान्य पद्धत आहे ती कथिलाचा थर असलेले थिंबल योग्य मापाच्या रॅचेट पकडीने दाबण्याची. ही पकड पुरेसा दाब येईपर्यंत सुटतच नाही, त्यामुळे दाबणाऱ्याच्या मूडवर काम राहत नाही. साध्या पक्कडीने चेपलेले थिंबल ओढून पाहिले की अनेकदा हातात येते. दाबून झाले की त्यावर आतून गोंद असलेली उष्णतेने आक्रसणारी नळी चढवायची. गरम केल्यावर कडेने गोंदाचा बारीक थेंब बाहेर डोकावला, म्हणजे आत पाणी जायची वाट बंद झाली.

वायर लोंबकळत ठेवायची नाही, दर ४५ सेंटिमीटरला तिला आधार हवा. पत्रा किंवा लाकडी आडव्यातून आरपार जाते तिथे रबरी कडे हवे. उपकरणात शिरण्याआधी खाली एक झोळ ठेवायचा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी आत न जाता तिथून गळते. ही कामे स्वस्त आहेत आणि बहुतेक वेळा हीच राहून जातात.

फ्यूजबद्दल एक गैरसमज घट्ट आहे. तो उपकरण वाचवण्यासाठी असतो असे मानले जाते. नौकेवर त्याचे पहिले काम वायर वाचवणे हे आहे. त्यामुळे त्याची जागा उपकरणापाशी नसून बॅटरीपाशी असते. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा वायरचा तुकडा पूर्णपणे बेवारस असतो. तिथे आवरण घासून गेले तर बॅटरी आपला सगळा जोर त्यावर काढते, थांबवणारे कोणी नसते. एबीवायसी हा तुकडा सात इंचांपेक्षा, म्हणजे १८ सेंटिमीटरपेक्षा लांब होऊ देत नाही. वायर नळीत किंवा संरक्षक वेष्टनात असेल तरच थोडी मुभा मिळते. आयएसओचा आकडाही २० सेंटिमीटरचा. स्टार्टरच्या केबलला मात्र फ्यूजमधून सूट आहे, कारण इंजिन उचलताना ती शेकडो अँपिअर ओढते. याचा सरळ अर्थ असा की नौकेवरची सर्वांत धोकादायक केबल तीच, आणि कुठेही घासू नये म्हणून सर्वांत जपायचीही तीच.

फ्यूज उडतो म्हणून मोठा घालणे ही जुनी युक्ती. पंपाच्या पात्यात जाळ्याचा तुकडा अडकला की मोटर जागच्या जागी अडते आणि नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढू लागते. उत्पादकाने सांगितलेला फ्यूज असेल तर तो उडतो आणि कोणीतरी जाऊन पाहतो. तिप्पट मोठा असेल तर मोटर शांतपणे शिजत राहते.

घरचा एमसीबी डीसीवर लावण्याचीही रीत दिसते. घरातली एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते आणि त्या शून्यापाशी एमसीबीच्या आतली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही. संपर्क उघडले तरी ठिणगीची कमान टिकून राहू शकते. व्होल्ट जितके जास्त तितकी ती हट्टी, म्हणून २४, ४८ आणि त्यावरच्या यंत्रणांत डीसीसाठी बनवलेलाच एमसीबी लागतो. सौरवाल्यांकडे तोही मिळतो. त्यातल्या काहींना धन-ऋण बाजू ठरलेल्या असतात. उलटे जोडले तर ठिणगी विझवणारी आतली रचना उलट दिशेने काम करते, हे पाहून घ्यायला हवे.

गाडीच्या पद्धतीतला सर्वांत मोठा दोष आणखी वेगळा आहे. गाडीत ऋण बाजूची वायर ओढतच नाहीत, पत्र्याचा सांगाडाच परतीचा मार्ग असतो. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या नौकेवर असे केले तर प्रवाह पाण्यातल्या धातूच्या भागांतून वाट काढतो आणि जाताना धातू विरघळवतो. म्हणून नौकेवर प्रत्येक उपकरणाला जाणारी आणि येणारी अशा दोन वायरी, दोन्ही आवरणाच्या आत. लाकडी किंवा फायबरच्या होडीतही ओल्या तळाशी उघडी पडलेली धन वायर हेच करते. दोन वेगळ्या धातूंमुळे होणारी नेहमीची झीज महिने-वर्षे घेते. बॅटरीच्या जोरावर होणारी झीज प्रोपेलरच्या दांड्याला किंवा पाण्याच्या नळाच्या पितळी तोटीला काही आठवड्यांत, कधी काही दिवसांतही खाऊन टाकते.

नौकेच्या तळाला बसवलेल्या जस्ताच्या वड्या या झिजेवरच्या उपायाचा भाग आहेत, आणि त्यांचा उगम दोनशे वर्षांपूर्वीचा आहे. ब्रिटिश युद्धनौकांच्या तळाचे तांबे समुद्रात झिजत होते. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये त्यावर जस्ताचे आणि बिडाचे तुकडे जोडून दाखवले. ते तुकडे झिजू लागले आणि तांबे वाचले. पण विरघळणारे तांबेच शिंपले आणि शेवाळ दूर ठेवत होते. ते विरघळायचे थांबले आणि जहाजांचे तळ जीवजंतूंनी भरून गेले! नौदलाला तो प्रयोग आवरता घ्यावा लागला. जस्ताची वडी मात्र पुढे टिकली. धन वायरच्या गळतीपुढे मात्र तिचा निभाव लागत नाही. ती नवी बसवली आणि अल्पावधीत गायब झाली, तर दोष वडीचा नाही, वायरिंगचा शोधायचा.

इन्व्हर्टर किंवा जनरेटर आला की होडीवर २३० व्होल्टही येतात. भारतात घरच्या वायरिंगमध्ये काळी वायर न्यूट्रल, आणि गाडीत काळी म्हणजे बॅटरीची ऋण बाजू. दोन काळ्या एकाच पट्टीत शेजारी आल्या की पुढच्या दुरुस्तीवाल्याच्या नशिबावर सगळे. अमेरिकेत तर एसीची जिवंत वायरच काळी असते. म्हणून एबीवायसीने डीसीच्या ऋण बाजूला पिवळा रंग सुचवला. तो उचलायला कोणाचीच हरकत नसावी. एसी आणि डीसी एका वेष्टनात, एका पट्टीत नकोतच.

गोड्या पाण्यात हे एसी थेट जीवघेणे ठरते. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात नदीवरच्या एका मरीनात लाइफ जॅकेट घालून पोहणारा आठ वर्षांचा मुलगा दगावला. बोटीवरची वीज पाण्यात उतरली होती. खारे पाणी शरीरापेक्षा चांगले वाहक असते, त्यामुळे समुद्रात प्रवाह माणसाला बऱ्याच अंशी टाळून जातो. गोड्या पाण्यापेक्षा शरीरच चांगले वाहक, म्हणून तिथे तो माणसातून जातो. स्नायू जखडतात आणि पोहता येत नाही. केरळच्या बॅकवॉटरमधल्या वातानुकूलित हाउसबोटींपासून धरणांवरच्या पर्यटन नौकांपर्यंत जिथे २३० व्होल्ट आहेत, तिथे गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ही चैन नाही.

लिथियम बॅटऱ्यांनी या सगळ्याला नवी धार आणली आहे. त्यांचा आतला रोध इतका कमी असतो की शॉर्टसर्किटमध्ये हजारो अँपिअर वाहतात, आणि साधा फ्यूज उडाल्यावरही त्यातली ठिणगी चालू राहू शकते. म्हणून बॅटरीपाशी ‘क्लास टी’ प्रकारचा, २०,००० अँपिअरपर्यंतचा प्रवाह तोडू शकणारा फ्यूज लावायची पद्धत आहे. नॉर्वेत मार्च २०२१ मध्ये ‘ब्रिम’ या हायब्रिड पर्यटन नौकेच्या बॅटरी खोलीत आग लागली. तपासात समुद्राचे पाणी आत शिरल्याचे निघाले. महागडी बॅटरी, अद्ययावत नियंत्रण, आणि शत्रू तोच जुना, खारट.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. शाकारून ठेवलेल्या होडीची वायरिंग तपासायला याहून चांगला काळ नाही, आणि त्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. उपकरण बंद असताना व्होल्ट मोजून काही कळत नाही, कारण प्रवाह नसेल तर तूटही नसते. पंप पाण्यात ठेवून चालू करायचा. आधी बॅटरीच्या टोकांवर मोजायचे, मग पंपाच्या टोकांवर. एकीकडे १२.५ आणि दुसरीकडे ११.२ आले, तर मधले १.३ व्होल्ट कोणीतरी खाते आहे. आता मीटरची एक पिन बॅटरीच्या धन टोकावर तशीच ठेवायची आणि दुसरी पुढे सरकवत न्यायची: फ्यूजची अलीकडची बाजू, पलीकडची बाजू, स्विच, पहिले थिंबल, दुसरे थिंबल, पंप. आकडा थोडाथोडा वाढत गेला तर वायर बारीक आहे. एकाच ठिकाणी ०.१ वरून ०.८ वर उडी मारली, तर दोष त्या जोडातच आहे, आणि हात लावला तर तो गरमही लागेल. परतीच्या बाजूलाही, ऋण टोकापासून, हेच पुन्हा करायचे. गंज धन-ऋण पाहत नाही, पण तपासणारे बहुधा फक्त लाल वायर तपासतात.